जिन्याच्या वळणावरचं स्टूल

माझी सून प्रश्न तयार करते आणि त्याचा तिला पगार मिळतो. ओळखीच्या बायकांना मी हे सांगते तेव्हा त्यांना वाटतं, ही सुनेची थट्टा करते आहे. तसं नाही. थट्टा मी तिच्या तोंडावर करते. तिच्या पाठीमागे मी तिचं कौतुकच करते, फक्त ते तिला कळू देत नाही.

ती छातीच्या रुग्णालयात कामाला आहे. ज्यांना दम लागतो अशा माणसांसाठी तिथे एक प्रश्नावली बनते आहे. नळी फुंकायला लावली की छातीत किती हवा मावते ते यंत्र सांगतं, पण त्या माणसाचा दिवस कसा गेला ते यंत्राला कळत नाही, ते त्यालाच विचारावं लागतं. मी म्हटलं, मग विचारा की! "कसं काय, बरं आहे ना?" एवढं विचारायला दोन वर्षं कशाला हवीत? त्यावर तिने मला समोर बसवून सगळं समजावलं. तेव्हापासून मी गप्प आहे, म्हणजे त्या एका विषयावर.

आधी म्हणे रुग्णांना नुसतं बोलू द्यायचं. कोणी म्हणतं छातीवर कुणीतरी येऊन बसलंय, कोणी म्हणतं श्वास अर्ध्यातच अडतो. ते त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्यायचं. नवा माणूस आला तरी नवं काही कानावर येईनासं झालं, की थांबायचं. मग त्यातून प्रश्न करायचे. मग ते दुसऱ्या रुग्णांना मोठ्याने वाचायला द्यायचे आणि वाचताना मनात काय येतं ते बोलून दाखवायला सांगायचं. वाचणारा जिथे अडखळेल तिथे चूक त्याची धरायची नाही, वाक्याची धरायची. असं करत करत निम्मे प्रश्न गाळायचे आणि उरलेले बऱ्याच लोकांकडून भरून घेऊन आकडे जुळतात का बघायचं.

एका प्रश्नात दोन गोष्टी विचारायच्या नाहीत, हा तिचा लाडका नियम. सकाळी मी विचारते, "चहा-बिस्किट हवंय का गं?" की आलंच, "आई, हे दोन प्रश्न झाले." "तुला बरं वाटत नाहीये ना?" असं विचारलं तर म्हणते, उत्तर तुम्हीच माझ्या तोंडात घातलंत. एकदा आमच्या चिरंजीवांनी तिला ऐकवलं, "तू नेहमी उशिरा येतेस." तर म्हणाली, "नेहमी म्हणजे काय? मागच्या सात दिवसांबद्दल बोल." माझा मुलगा भोळा आहे. तो खरंच बोटं मोजायला बसला.

आता आमच्या ह्यांच्याबद्दल. नोकरीत होते तेव्हा हे लोकांच्या घरोघर जाऊन विजेचे मीटर वाचायचे. निवृत्त झाले आणि निवडुंगांच्या नादी लागले. आमच्या घराला वर मोकळी गच्ची आहे, ती बघता बघता कुंड्यांनी भरली. तेही चाललं असतं, पण ह्यांनी प्रत्येक निवडुंगाला आमच्या नात्यातल्या माणसाचं नाव दिलं. गोल, पिवळ्या काट्यांचा, शेजारून गेलं तरी कपड्याला धरून ठेवतो तो आत्याबाई. वरून पांढरी लोकर आणि आत सुया, त्या थोरल्या वहिनी. नुसताच उंच वाढत जातो, फूल म्हणून कधी येत नाही, तो मेहुणा. मेहुणा म्हणजे माझा सख्खा भाऊ. "आणि माझ्या नावाचा कुठला?" असं मी कितीदा तरी विचारलं. "शोध तूच," म्हणायचे. मी शोधलाही. सगळ्यात वाकडा एक होता, त्याच्यावर माझा संशय होता.

तरुणपणी ओढलेल्या सिगारेटींनी ह्यांची छाती जरा खराब केली आहे. सकाळ-संध्याकाळ औषधाचा फवारा तोंडात मारतात. कसं वाटतंय विचारलं तर "झकास" म्हणतात. डॉक्टरांनाही तेच सांगतात.

गेल्या वर्षापासून हे गच्चीवर जाईनासे झाले. विचारलं तर म्हणाले, "मन उडालं त्यातून." निवडुंगाचं एक असतं, त्याच्याकडे बघितलं नाही तरी तो तक्रार करत नाही. गुलाब असते तर चार दिवसांत माना टाकून त्यांनी सगळ्या घराला सांगितलं असतं. मी कपडे वाळत घालायला वर जायची तेव्हा येता-जाता तांब्याभर पाणी शिंपडायची, तेवढ्यावर आत्याबाई आणि मंडळी खुशाल जगली. हे मात्र खालच्या पुढच्या खोलीत, खिडकीशी खुर्ची टाकून बसून राहायला लागले. मला त्याचा राग यायचा. धडधाकट माणूस असा दिवसभर डोळ्यांसमोर बसलेला बघवत नाही. आणि राग आला की माझे हात जास्त चालतात. ह्यांना बाजारात जायला नको म्हणून सामान मीच आणायला लागले. खाली वाकायचा कंटाळा करतात म्हणून बुटांऐवजी नुसत्या पाय सरकवायच्या चपला आणल्या. बडबडत आणल्या, पण आणल्या.

अशात चिरंजीवांच्या डोक्यात गच्चीवर खोली बांधायचं आलं. सून जेवणाच्या टेबलावर काम करते. रुग्णांचं रेकॉर्ड केलेलं बोलणं ऐकून लिहायचं असतं, ते दुसऱ्या कुणाच्या कानावर जाऊन चालत नाही, म्हणून ती कानांत इअरफोनचे बोळे घालून, आमच्याकडे पाठ करून, एका हाताने कागद झाकून बसते. तिला स्वतःची खोली हवीच होती. प्रश्न फक्त निवडुंगांचा होता. हे लगेच म्हणाले, "देऊन टाका की. मला काय करायचेत आता?" एक नर्सरीवाला सगळेच्या सगळे घ्यायला तयार झाला. रविवारी सकाळी गाडी घेऊन येतो म्हणाला. खरं सांगायचं तर मला आनंद झाला होता. आत्याबाई एकदाच्या घरातून जाणार होत्या.

त्याच आठवड्यात गुरुवारी सून घरी आली ती तोंड एवढंसं करून. पर्स खुर्चीवर टाकली आणि पाणीसुद्धा न पिता बसून राहिली. मी चहा पुढे केला. फक्त चहा. एकच प्रश्न.

"आई, आमची प्रश्नावली उलटं बोलते आहे," ती म्हणाली.

झालं होतं असं. रुग्णालयात दम लागणाऱ्यांसाठी श्वासाच्या व्यायामाचा वर्ग आहे. त्या वर्गाला गेलेली माणसं चांगली हिंडूफिरू लागतात, हे तिथल्या शिपायालाही माहीत आहे. म्हणून वर्गाला गेलेल्या आणि न गेलेल्या, अशा दोघांकडूनही प्रश्नावली भरून घेतली. तिच्या खात्यातला जो आकडेमोड करतो, त्याला ती आकडेवाला म्हणते, त्याने बेरजा करून दाखवल्या. जे वर्गाला गेले होते त्यांचाच त्रास जास्त निघाला.

"म्हणजे व्यायाम करून माणसं बिघडली, असं आमचा कागद सांगतो. मोठ्या बाई म्हणाल्या, सोमवारी बसून ठरवू. ठेवायची की टाकून द्यायची." मोठ्या बाई म्हणजे त्यांच्या खात्याच्या प्रमुख डॉक्टर.

"आकडेवाल्याचं चुकलं असेल," मी म्हटलं.

"त्याचं चुकत नाही. तोच तर त्रास आहे."

आमचे हे पुढच्या खोलीतून ऐकत होते. सुनेने त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "बाबा, जरा वाचून दाखवता का? कुठे शब्द अडतात का बघते. घरातल्यांची उत्तरं आम्ही धरत नाही, त्यामुळे बिनधास्त भरा."

ह्यांना कुणी काही काम सांगून किती दिवस झाले होते कोण जाणे. लगबगीने आले, चष्मा पुसला, पेन मागून घेतलं. मीटरचा आकडा वाचावा तशा खणखणीत आवाजात वाचायला लागले. "मागच्या सात दिवसांत, जिना चढताना तुम्हाला किती दम लागला? अजिबात नाही, थोडा, बराच, खूप." अजिबात नाही वर खूण. "बाजारातून सामान उचलून आणताना?" अजिबात नाही. "वाकून बूट घालताना?" अजिबात नाही. कुठे अडखळणं नाही, काही नाही. शेवटच्या प्रश्नापर्यंत एकच रांग सरळ खाली आली.

"बघ!" मी सुनेला म्हटलं. "मी काय म्हणते? शून्य त्रास आहे माणसाला. नुसता आळस भरलाय."

ह्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. सून हसली नाही. तिने बोट पुन्हा पहिल्या प्रश्नावर ठेवलं.

"बाबा, हा वाचलात तेव्हा मनात काय आलं?"

"काय यायचंय?"

ती गप्प बसली. ही तिची खरी कला आहे, आणि ती मला सात जन्मांत जमणार नाही. कुठे रिकामी जागा दिसली की मी तिथे बोलते. आताही मी तोंड उघडलं होतं, तेवढ्यात तिने टेबलाखाली माझं मनगट धरलं.

"जिना आला मनात," हे जरा वेळाने म्हणाले. "आणि मनात आलं की मी काही जिना चढलेलो नाही. चढलोच नाही तर दम कशाला लागेल? म्हणून अजिबात नाही. बरोबर आहे ना उत्तर?"

"एकदम बरोबर."

"मग झालं तर."

 सून हळूच म्हणाली, "शेवटचं कधी चढलात, बाबा?"

ह्यांनी चष्मा काढला. त्याच्या काड्या मिटल्या, उघडल्या, पुन्हा मिटल्या. "गेल्या वर्षी. वळणापर्यंत पोचलो आणि पुढची पायरी दिसेना. डोळ्यांपुढे अंधारी आली. तिथेच बसलो. खाली ही शेजारणीशी बोलत होती, खिदळत होती. म्हटलं, हाक मारली तर ही धावत येणार. मग डॉक्टर, मग चिरंजीव, मग सगळं घर माझ्याभोवती. नको वाटलं. श्वास आला तसा खाली उतरलो. ही म्हणाली, इतक्यात झालंसुद्धा पाणी घालून? मी म्हटलं, झालं."

मी तो दिवस आठवायचा प्रयत्न केला. शेजारीण तर रोजच येते आणि आम्ही रोजच हसतो. मला तो दिवस आठवेना.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आणि मग मन उडालं, मन उडालं म्हणून काय सांगत होतात?"

"मन उडालं म्हटलं की कुणी औषध देत नाही," हे म्हणाले. "आणि आता हिला खोली हवीच आहे. कुणाचं काही अडलंय का त्या काट्यांवाचून?"

मला रडू आलं. मला रडू आलं की मी भांडते, तशी मी भांडले. लपवाछपवीवरून सुरुवात केली आणि कुठल्या कुठे गेले, त्यात सिगारेटीही आल्या आणि माझा भाऊही आला. हे खाली मान घालून ऐकत होते. सगळं बोलून झाल्यावर मला एकदम लाज वाटली. लग्नाआधीपासून मी पादत्राणांच्या दुकानात विक्रीचं काम करत होते, म्हातारी होईपर्यंत केलं. बसल्या जागी घातलेला बूट कुणालाच चावत नाही. म्हणून आम्ही गिऱ्हाइकाला उठवून चार पावलं चालायला लावायचो. आणि घरात मी काय केलं होतं? ह्यांना उठावंच लागू नये अशी चोख व्यवस्था करून ठेवली होती.

सून त्या कागदाकडे बघत बसली होती. "सगळीकडे अजिबात नाही," ती स्वतःशीच म्हणाली. "आमच्या हिशोबाने बाबा सगळ्यात निरोगी माणूस."

"म्हणजे मी चुकीचं भरलं का?" ह्यांनी घाबरून विचारलं.

"नाही हो बाबा. चूक वाक्याची आहे." मग ती माझ्याकडे वळली. "आई, वर्गाला न गेलेले लोक घरी बसूनच असतात. बसलेल्याला दम लागत नाही, तो लिहितो अजिबात नाही. वर्गाला गेलेला जिना चढायला लागतो, बाजारात जायला लागतो. त्याला दम लागतो, तो लिहितो बराच. असं झालं असेल का? विचारल्याशिवाय काही म्हणता येणार नाही, पण..." पुढचं वाक्य तिने आकडेवाल्याला फोन लावून पुरं केलं. चहा तसाच निवला.

मला वाटलं, आता निवडुंगांचा प्रश्न मिटला. कसला मिटतोय! हे हट्टाला पेटले. नर्सरीवाल्याला शब्द दिलाय म्हणाले. सून म्हणाली, मला खोली नको. त्यावर चिडले, "माझ्या दमापायी कुणाची खोली अडायला नको. माझं काय, मी वर जाऊ शकतच नाही. तिथे ते असले काय आणि नसले काय, मला काय फरक पडतो?" हे बोलताना आवाज असा काही झाला की फरक किती पडतो ते भिंतींनाही कळलं असेल.

शनिवारी सून त्यांना आपल्या रुग्णालयात घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरांना ह्यांनी पहिल्यांदाच "झकास" सोडून दुसरं काहीतरी सांगितलं. डॉक्टर म्हणाले, जिना बंद करायचं काही कारण नाही, फक्त घाई करायची नाही. नाकाने श्वास आत, ओठांचा चंबू करून हळूहळू बाहेर. आणि दम लागल्यावर थांबायचं नाही, लागायच्या आधी थांबायचं. पुढच्या आठवड्यापासून त्या वर्गाला या. घरी आल्यावर हे आरशापुढे चंबू करून उभे होते. मी बघते आहे असं दिसल्यावर दात घासायला लागले.

रविवारी सकाळी मी स्वयंपाकघरातलं स्टूल उचललं, ज्यावर चढून मी वरच्या फळीवरचे डबे काढते ते, आणि जिन्याच्या वळणावर नेऊन ठेवलं. कुणाला काही सांगितलं नाही. मी न बोलता एखादी गोष्ट केली, हे आमच्या घरात पहिल्यांदाच घडलं.

नर्सरीवाला आला. जाडजूड हातमोजे घातलेला, घाईतला माणूस. चिरंजीवांबरोबर वर गेला आणि थोड्या वेळाने डोकं खाजवत खाली आला. "काका, कुणाला किती पाणी लागतं, कुठला कशावर बांधलाय, काही पत्ता लागत नाही. जरा वर येऊन सांगता का?"

"बाबा इथूनच सांगतील," चिरंजीव म्हणाले.

"इथून काय सांगू? कोपऱ्यातला गोल म्हटलं तर तिथे चार गोल आहेत," हे म्हणाले, आणि खुर्चीतून उठले.

मी मागे मागे निघाले. चार पायऱ्या, थांबणं. नाकाने आत, चंबूने बाहेर. पुन्हा चार पायऱ्या. मी ओठ घट्ट मिटून धरले होते, नाहीतर मी "सावकाश" म्हटलं असतं, आणि मी "सावकाश" म्हटलं की ह्यांना घाई होते. वळणावर आले. स्टूल बघितलं. मग माझ्याकडे बघितलं.

"हे इथे कुणी ठेवलं?"

"मला काय माहीत?"

बसले. मी खालच्या पायरीवर टेकले. ज्या पायरीवर ते तेव्हा बसले असतील ती हीच असावी, असं मला वाटलं. पुढे वर गेलेला नर्सरीवाला कठड्यावरून वाकून बघत होता.

"हसू नकोस," हे म्हणाले.

"हसत नाही. चंबू करून फार देखणे दिसता."

मग उठले आणि गच्चीवर पोचले. पोचले आणि दारातच उभे राहिले. सगळे निवडुंग एकाच बाजूला कलले होते. अधूनमधून कुंडी फिरवली नाही तर झाड उन्हाकडे मान करतं म्हणे. मला हे माहीत असायचं काही कारण नव्हतं. पाणी मी घातलं होतं, फिरवणार कोण? सगळं नातेवाईक मंडळ वर्षभर शेजारच्यांच्या खिडकीत डोकावत उभं होतं.

"अरे, अरे, अरे," असं काहीतरी पुटपुटत हे पुढे गेले. एक कुंडी फिरवली. श्वास घेतला. दुसरी फिरवली. थोरल्या वहिनींच्या लोकरीवरची कोळिष्टकं बोटाने काढली. तेवढ्यात नर्सरीवाल्याने आत्याबाईंना उचललं आणि तो जिन्याकडे निघाला.

"ती खाली ठेवा," हे म्हणाले.

"काका, सगळे घेतो म्हणून तर गाडी आणली."

हे बोलायला गेले, पण आवाज फुटेना. हात वर करून थांबा म्हणाले. आम्ही सगळे थांबलो. नर्सरीवाला आत्याबाईंना पोटाशी धरून उभा होता, चिरंजीवांच्या हातात गच्ची मोजायची टेप तशीच ताणलेली होती. हे चंबू करून दम घेत होते. मग त्यांचं वाक्य आलं, सबंध, न तुटता.

"विकायचं नाही यातलं काही. तुमची खेप फुकट गेली, मला माफ करा."

तो चिडला. त्याचं चिडणं रास्तच होतं, मीसुद्धा चिडले असते. मी त्याला चहा देते म्हटलं, सुनेने माफी मागितली, तरी तो धुसफुसतच होता. शेवटी हे म्हणाले, "बरं, हा एक घेऊन जा. पैसे नकोत." आणि मेहुण्याकडे बोट दाखवलं. माझा भाऊ अशा रीतीने परक्याच्या गाडीत बसून गेला, आणि जाताना कुणी त्याला थांबवलं नाही. मीही नाही.

"मग हिच्या खोलीचं काय?" चिरंजीवांनी विचारलं.

"मी आता वर बसणार," हे म्हणाले. दम लागला होता, म्हणून तुकड्यातुकड्यांनी म्हणाले. "पुढची खोली... रिकामीच. माझी खुर्ची... वर आणा. तिथे हिचं टेबल टाका. दार आहे... कडी आहे. आणखी काय हवं?"

चिरंजीवांनी टेप सोडली, ती सरकन गुंडाळली गेली.  सून वाकून एक कुंडी फिरवायला लागली, तर "उलटी नको, या बाजूने," असा हुकूम सुटला.

मी संधी साधली. "आता तरी सांगा, माझ्या नावाचा कुठला?"

"तू यात नाहीस."

"का म्हणून?"

"हे सगळे न बोलता राहतात."

सोमवारी सून बैठकीहून आली ती अशी, की पगार वाढला असावा. "आई, सगळं परत करायचं!" ती दारातूनच म्हणाली. मोठ्या बाईंनी विचारलं होतं, हे आधी कसं सुटलं? हिने सांगितलं, कशाने दम लागतो ते आपण सगळ्यांना विचारलं, दमापायी काय सोडून दिलं ते कुणाला विचारलंच नाही. मोठ्या बाई म्हणाल्या, बोलवा रुग्णांना परत. आता पुन्हा ऐकणं, पुन्हा लिहिणं, पुन्हा मोठ्याने वाचून घेणं. प्रत्येक प्रश्नाला एक नवा चौकोन येणार होता, "हे मी हल्ली करत नाही", आणि त्याखाली, दम लागतो म्हणून की दुसऱ्या काही कारणाने. आकडेवाल्याने डोक्याला हात लावला म्हणे, कारण त्या चौकोनाची बेरीज कशी करायची ते कुणालाच ठाऊक नाही. पण ज्या रुग्णांना तिने त्याच दिवशी फोन केले, त्यातल्या एक बाई म्हणाल्या, मी आंघोळ करतानाही दम लागत नाही असं लिहिलं होतं, कारण आंघोळ मला मुलगी घालते. हे सांगताना सुनेचा चेहरा आनंदाचा आणि रडवेला, दोन्ही होता. दोन प्रश्न झाले, असं मी तिला म्हटलं नाही.

काही महिन्यांनी तिने नवा कागद आणला. हे तोवर वर्गाचे मानकरी झाले होते, नव्या येणाऱ्यांना चंबू शिकवायचे. "बाबा, शब्द बघायचे आहेत," ती म्हणाली. ह्यांनी चष्मा पुसला, खणखणीत आवाजात वाचलं. "जिना चढताना तुम्हाला किती दम लागला?" पेन नव्या चौकोनावरून पुढे गेलं, अजिबात नाही ओलांडलं, थोडा ओलांडलं, बराच ओलांडलं, आणि ह्यांनी "खूप"वर ठसठशीत खूण केली. सामान आणताना, बराच. बूट घालताना, थोडा. हो, बूट. चपला मी कुणालातरी देऊन टाकल्या.

"आधीपेक्षा वाईट आलं की हो," मी म्हटलं.

"येणारच," हे अभिमानाने म्हणाले. "काल मातीची पिशवी वर नेली."

सुनेने कागद बघितला आणि माझ्या हातात दिला. घरातल्यांची उत्तरं ती धरत नाही. मी धरते. फ्रिजच्या दारावर, जिथे चिरंजीवांच्या शाळेचे निकाल लावायची, तिथे मी तो लावला. शेजारीण आली की बघते आणि हळहळते, "अगं बाई, जिन्याने एवढा त्रास होतो ह्यांना?" मी म्हणते, "हो ना, रोज दोनदा."

हे सकाळी चहा झाला की वर निघतात. मी आणि शेजारीण खाली बसून बोलत असतो, हसत असतो. पण पावलं वळणावर आली की मी हात वर करून तिला थांबवते. स्टूल कुरकुरतं. ती बिचारी तोंड उघडं ठेवून माझ्याकडे बघत राहते. मी ऐकते. मग पावलं पुढे वाजायला लागतात, आणि मी म्हणते, "हं, बोल पुढे."